जास्त पाणी आणि उतरलेले सोडियम: दोष मिठाचा की पाण्याचा?

प्रश्न असा आहे: व्यायामाच्या दिवशी पाच-सहा लिटर साधे पाणी पिणाऱ्याचे संध्याकाळी डोके दुखते, मळमळते, पोट डब्ब होते. हे इलेक्ट्रोलाइट (सोडियम, पोटॅशियमसारखे क्षार) कमी पडल्यामुळे होते का? आणि पाण्यात इलेक्ट्रोलाइटची पावडर टाकली की तेवढेच पाणी बिनधास्त पिता येईल का?

पहिल्याचे उत्तर ‘अर्धवट हो’, दुसऱ्याचे ‘नाही’. अशा वेळी रक्तातले सोडियम उतरलेले असू शकते, हे खरे. पण ते बहुतेकदा घामातून मीठ गेल्यामुळे नव्हे, तर पाणी शरीरात साठल्यामुळे उतरते. हा नुसता काथ्याकूट नाही. दोष मिठाचा आहे असे ज्याला वाटते तो पावडर टाकतो, तेवढेच पाणी पितो आणि धोका जिथल्या तिथे राहतो.

रक्तातल्या सोडियमचे नेहमीचे प्रमाण लिटरला १३५ ते १४५ मिलीमोल असते. (रिपोर्टवर मिलीइक्विव्हॅलंट छापलेले असले तरी सोडियमसाठी आकडा तोच.) १३५ च्या खाली गेले की त्याला हायपोनॅट्रेमिया म्हणतात. १३० ते १३४ सौम्य, १२५ ते १२९ मध्यम, त्याखाली तीव्र. मात्र आकड्याइतकाच, किंबहुना त्याहून जास्त, महत्त्वाचा असतो तो उतरण्याचा वेग. काही आठवड्यांत हळूहळू १२२ वर आलेला माणूस स्वतःच्या पायांनी दवाखान्यात येऊ शकतो, आणि चार तासांत १२५ वर आलेल्याला झटके येऊ शकतात.

कारण असे. सोडियम मुख्यतः पेशींच्या बाहेरच्या द्रवात असते. तो द्रव पातळ झाला की पाणी पेशींच्या आत शिरते आणि पेशी फुगतात. स्नायूंना किंवा त्वचेखालच्या भागाला फुगायला जागा मिळते. मेंदूला मिळत नाही, कवटी ताणली जात नाही. मेंदूच्या पेशी स्वतःतले पोटॅशियम आणि काही लहान सेंद्रिय रेणू बाहेर टाकून हा फुगवटा कमी करतात, पण ते काम पुरे व्हायला २४ ते ४८ तास लागतात. म्हणून ४८ तासांच्या आत झालेली घसरण ‘तत्काळ’ आणि त्यापुढची ‘जुनी’ धरतात. दोन्हींचे उपचार वेगळे आहेत. त्याबद्दल पुढे लिहिले आहे.

मूत्रपिंड किती पाणी बाहेर टाकू शकते?

निरोगी प्रौढाचे मूत्रपिंड तासाला साधारण ८०० मिली ते १ लिटर जादा पाणी काढू शकते. दिवसाचा हिशोब वेगळा असतो, आणि तो आहारावर ठरतो. लघवी कितीही पातळ झाली तरी ती नुसते पाणी कधीच नसते. प्रत्येक लिटरमागे निदान ५० मिलीऑस्मोल (विरघळलेल्या कणांचे माप) इतके क्षार आणि युरिया बाहेर जावेच लागतात. नीट जेवणाऱ्या माणसाकडे रोज असे ६०० ते ९०० मिलीऑस्मोल असतात, म्हणजे कागदावर १२ ते १८ लिटर लघवी शक्य आहे. जो जवळजवळ काही खातच नाही, उपाशी राहून ‘शरीर शुद्ध करायला’ पाणी पितो, किंवा बिअरवर दिवस काढतो, त्याच्याकडे २०० ते २५० च उरतात. त्याची मर्यादा चार-पाच लिटरवर येते. इथे मात्र क्षार कमी पडल्याचा आरोप अगदी योग्य ठरतो. आणि इथे नुसते मीठ नव्हे, प्रथिनेही कमी पडलेली असतात, कारण युरिया प्रथिनांतून येतो.

हे सगळे आकडे एका अटीवर खरे आहेत: मूत्रपिंडाला पाणी धरून ठेवायला लावणारे व्हॅसोप्रेसिन हे संप्रेरक (रिपोर्टवर एडीएच) बंद असले पाहिजे. रक्त पातळ झाले की ते एरवी बंद होते आणि लघवी सुटते. पण दीर्घ व्यायाम, मळमळ, वेदना, शस्त्रक्रिया, रक्तातली साखर उतरणे, काही औषधे यांमुळे ते रक्त पातळ असतानाही स्रवत राहते. मग तासाला लिटरभर लघवी करू शकणारे मूत्रपिंड तासाला १०० मिलीच्याही खाली येते. चार-पाच तास धावणाऱ्याची मेख इथे आहे. एरवी जे पाणी त्याने सहज लघवीवाटे टाकले असते, तेच त्या दिवशी आत अडकते. त्यात व्हॅसोप्रेसिन मळमळ झाली की वाढते आणि मळमळ सोडियम उतरल्यानेही होते, म्हणजे एकदा सुरू झालेला प्रकार स्वतःच स्वतःला रेटतो.

एक हिशोब करून पाहू

६० किलोचा पुरुष घ्या. शरीरातले पाणी सुमारे ३६ लिटर, सोडियम १४०. तो पाच तास धावतो, तासाला एक लिटर घाम येतो, घामात लिटरला ४० मिलीमोल सोडियम आहे (माणसागणिक हे २० ते ८० पर्यंत बदलते). म्हणजे २०० मिलीमोल सोडियम गेले. लघवी जवळपास बंद आहे असे धरू. हिशोब ढोबळ आहे, पण दिशा बरोबर दाखवतो.

तहानेप्रमाणे ३.५ लिटर साधे पाणी प्यायला, तर वजन दीड किलो कमी होते आणि सोडियम १४० वरच राहते. घामाइतकेच, म्हणजे ५ लिटर प्यायला, तर सोडियम १३४. ‘डिहायड्रेशन नको’ म्हणून ७.५ लिटर प्यायला, तर वजन अडीच किलो वाढते आणि सोडियम १२६ वर येते.

आता तेच ७.५ लिटर स्पोर्ट्स ड्रिंकचे घ्या. त्यात लिटरला साधारण २० मिलीमोल, म्हणजे ४६० मिलीग्रॅम सोडियम असते. उत्तर येते १३०. बरे झाले, पण थोडेच. उलट, घामात मीठ अजिबात गेले नाही आणि फक्त अडीच लिटर पाणी अंगात जादा राहिले असे मानले, तरी आकडा १३१ वर येतो. म्हणजे चौदा अंकांच्या घसरणीतला मोठा वाटा, सुमारे नऊ अंक, एकट्या पाण्याचा आहे.

एवढे पाणी पिऊनही सोडियम १४० वर ठेवायचे तर ५५० मिलीमोल सोडियम पोटात जायला हवे. ते होते ३२ ग्रॅम मीठ, सपाट भरलेले पाच चमचे आणि वर थोडे. एक ग्रॅम मिठाच्या गोळीत १७ मिलीमोल असते. पाच तासांत अशा ३२ गोळ्या कोणी घेत नाही, आणि घेतल्या तर उलटी ठरलेली. इलेक्ट्रोलाइट घालून जादा पाणी ‘सुरक्षित’ करता येत नाही, ते या गणितामुळे.

प्रत्यक्षातही हेच दिसले आहे. २००२ च्या बोस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचे रक्त तपासले गेले. १३ टक्क्यांचे सोडियम १३५ किंवा त्याखाली होते आणि ०.६ टक्क्यांचे १२० किंवा त्याखाली. २००५ साली प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सर्वात ठळक संबंध निघाला तो शर्यतीत वजन वाढण्याशी. शिवाय चार तासांहून जास्त वेळ घेण्याशी. पेय साधे की क्षारयुक्त, याने फरक पडलेला दिसला नाही. हळू धावणाऱ्यांना धोका जास्त का, तेही उघड आहे: घाम कमी येतो, रस्त्यावर वेळ जास्त जातो आणि पाण्याच्या प्रत्येक टेबलापाशी थांबून प्यायला सवड मिळते. या प्रकाराची पहिली नोंद दक्षिण आफ्रिकेतल्या सुमारे ९० किलोमीटरच्या कॉम्रेड्स शर्यतीतली, १९८१ ची. तिथले क्रीडावैज्ञानिक टिम नोक्स आणि सहकाऱ्यांनी ती १९८५ मध्ये प्रसिद्ध केली. त्यापुढच्या वर्षांत ‘तहान लागण्याआधीच प्या, जमेल तितके प्या’ हा सल्ला जगभर पसरला आणि प्रकरणे वाढली. व्यायाम असलाच पाहिजे असेही नाही. जानेवारी २००७ मध्ये कॅलिफोर्नियात लघवीला न जाता जास्तीत जास्त पाणी पिण्याच्या एका रेडिओ स्पर्धेनंतर काही तासांतच एक स्पर्धक महिला दगावली.

मग किती प्यावे?

तहान लागली की प्यावे, भागली की थांबावे. व्यायामाशी निगडित हायपोनॅट्रेमियावरच्या २०१५ च्या आंतरराष्ट्रीय सहमती-निवेदनाचाही गाभा हाच आहे. रक्ताची घनता एक-दोन टक्के वाढली की तहान लागते. ती ‘उशिरा लागते’ असे म्हणणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, की दोन टक्क्यांपर्यंत वजन घटणे बहुतेकांना सहज झेपते आणि त्यातले काही वजन तर पाण्याचे नसतेच, जळलेल्या साखरेचे आणि चरबीचे असते.

ज्यांना आकडाच हवा आहे त्यांनी स्वतःचा घाम मोजावा. लघवी करून, कपड्यांशिवाय वजन करा. शर्यतीच्या वेगाने एक तास पळा, प्यायलेले पाणी मोजून ठेवा, परत आल्यावर अंग कोरडे पुसून पुन्हा वजन करा. समजा ६२.० चे ६१.३ झाले आणि मध्ये ३०० मिली प्यायलात. घाम झाला तासाला एक लिटर. मध्ये लघवी झाली असेल तर ती वजा करायची. हा आकडा पिण्याचे लक्ष्य नव्हे, ती वरची सीमा आहे. तिच्या आतच राहायचे. बहुतेक हौशी धावपटूंचे तासाला ४०० ते ८०० मिलीत भागते, हलक्या आणि सावकाश धावणाऱ्यांचे खालच्या टोकाला. उन्हात अंगमेहनत करणाऱ्यांसाठी अमेरिकेतल्या एनआयओएसएच या कामगार-आरोग्यविषयक सरकारी संस्थेचा सल्ला दर १५-२० मिनिटांनी २४० मिली असा आहे, आणि सोबत ताकीदही आहे: तासाला सुमारे १.४ लिटरच्या वर नाही. लोकांना पहिला भाग पाठ असतो, दुसरा नसतो.

शर्यतीनंतर वजन सुरुवातीइतकेच भरले तर पाणी जास्तच झाले. वाढले असेल तर लघवी मोकळी होईपर्यंत काहीही पिऊ नये. पोटात साचलेले पाणी थांबल्यावर शोषले जाते, त्यामुळे सोडियम शेवटची रेषा ओलांडल्यानंतर अर्ध्या-एक तासानेही आणखी उतरू शकते.

मीठ अगदीच निरुपयोगी आहे असा याचा अर्थ नाही. चार तासांच्या पुढचा उष्ण दिवस, कपड्यांवर पांढरे डाग पडावेत इतका खारट घाम, किंवा दिवसामागून दिवस उन्हातले काम असेल तर खारट खाणे आणि क्षारयुक्त पेय यांची मदत होते. पण डब्यावरचे लेबल वाचा. अनेक ‘इलेक्ट्रोलाइट’ पावडरींत पोटॅशियम आणि मॅग्नेशियमचा गाजावाजा असतो आणि सोडियम नावापुरते. इथे मेंदूवरचे संकट ज्याच्या घसरणीमुळे ओढवते तो क्षार सोडियमच आहे.

जुलाब-उलट्यांची गोष्ट वेगळी. तिथे क्षार खरोखरच मोठ्या प्रमाणावर जातात आणि नुसते पाणी देत राहणे अंगाशी येते. जागतिक आरोग्य संघटनेच्या सध्याच्या ओआरएसमध्ये लिटरला मीठ २.६ ग्रॅम, ग्लुकोज १३.५ ग्रॅम, पोटॅशियम क्लोराइड १.५ ग्रॅम आणि ट्रायसोडियम सायट्रेट २.९ ग्रॅम असते. सोडियम ७५ मिलीमोल. ग्लुकोज चवीसाठी नसते, आतड्यात सोडियम आणि ग्लुकोज एकाच दारातून जोडीने आत जातात आणि त्यांच्या मागे पाणी जाते. पाकीट एक लिटरचे असेल तर पूर्ण पाकीट, पूर्ण लिटर. अंदाजाने चिमूट-चिमूट ग्लासात टाकली की द्रावण एकदा खारट आणि एकदा पातळ होते. दोन्ही वाईट, खारट जास्त वाईट. पाकीट मिळत नसेल तर एक लिटर स्वच्छ पाण्यात चहाच्या चमच्याने सहा सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ.

पाणी कमी झाले की जास्त, कसे ओळखावे?

गोंधळ इथेच होतो, कारण डोकेदुखी, मळमळ, गळून जाणे दोन्हीकडे असते. पाणी कमी असेल तर तहान लागते, तोंड कोरडे पडते, उभे राहताना डोळ्यांपुढे अंधारी येते, वजन घटलेले असते. जास्त असेल तर तहान नसते, पोटात पाणी हिंदकळते, अंगठी आणि घड्याळाचा पट्टा घट्ट होतो, वजन वाढलेले असते. लघवीच्या रंगावर अशा वेळी विसंबू नका. व्हॅसोप्रेसिन चालू असेल तर अंगात पाणी तुंबलेले असतानाही लघवी थोडी आणि गडद होते; ती पाहून माणूस आणखी दोन बाटल्या रिचवतो. वारंवार उलट्या, वाढत जाणारी डोकेदुखी, असंबद्ध बोलणे, चालताना तोल जाणे, धाप लागणे ही मेंदूला सूज येत असल्याची, किंवा फुप्फुसात पाणी भरत असल्याची चिन्हे आहेत. यापुढची पायरी झटके आणि बेशुद्धी.

अशा वेळी आधी पाणी बंद. माणूस शुद्धीत असेल, नीट गिळत असेल आणि उलट्या नसतील तर थोड्या पाण्यातले खूप खारट सूप चालते: शर्यतींच्या वैद्यकीय तंबूत सूपचे चार क्यूब १२५ मिली पाण्यात विरघळवून देतात. बोलणे बरळल्यासारखे वाटले किंवा झटका आला तर तोंडाने काहीही नको. कुशीवर वळवा, रुग्णालयात न्या आणि पहिल्याच वाक्यात सांगा, ‘याने इतक्या तासांत इतके लिटर पाणी प्यायले आहे.’ हे वाक्य नसेल तर थकलेला धावपटू पाहून साध्या सलाइनच्या दोन बाटल्या चढण्याची शक्यता दाट असते. साधे ०.९ टक्क्यांचे सलाइन इथे उलटे पडू शकते: व्हॅसोप्रेसिनच्या अमलाखालचे मूत्रपिंड त्यातले मीठ थोड्याशा गडद लघवीतून काढून टाकते आणि पाणी मागे ठेवते. योग्य उपचार म्हणजे ३ टक्क्यांचे सलाइन, १०० मिली, दहा मिनिटांत, शिरेतून. लक्षणे हटली नाहीत तर आणखी दोनदा. सोडियम ४ ते ६ अंकांनी वर आले तरी मेंदूवरचा दाब उतरायला पुरते.

जुन्या हायपोनॅट्रेमियात हीच घाई घातक. मेंदूने रेणू बाहेर टाकून जुळवून घेतलेले असते. अशा वेळी सोडियम झपाट्याने वर नेले तर मेंदूतल्या मज्जातंतूंचे आवरण खराब होते. त्याची लक्षणे दोन ते सहा दिवसांनी दिसतात: बोलणे, गिळणे, हातपाय हलवणे अवघड होते, आणि कधी कधी ते कायमचे राहते. म्हणून तिथे २४ तासांत ८ अंकांच्या आसपास थांबतात.

व्यायाम न करणाऱ्यांत धोका कोणाला? रक्तदाबासाठी थायाझाइड गटातली गोळी घेणाऱ्या वयस्कर, विशेषतः किरकोळ बांध्याच्या स्त्रिया या यादीत पहिल्या. नंतर नैराश्यावरची एसएसआरआय गटातली औषधे, अपस्मारावरचे कार्बामाझेपिन आणि रात्रीच्या लघवीसाठी डेस्मोप्रेसिन घेणारे. दुखण्यावरच्या आयबुप्रोफेनसारख्या गोळ्या व्हॅसोप्रेसिनचा परिणाम वाढवतात, त्यामुळे लांब शर्यतीच्या दिवशी त्या टाळलेल्या बऱ्या. हृदय, यकृत किंवा मूत्रपिंडाचा आजार असलेल्यांनी पाण्याचे प्रमाण डॉक्टरांकडूनच ठरवून घ्यावे. सहा महिन्यांखालच्या बाळाला वरचे पाणी देऊ नये आणि पावडरचे दूध पुरवून वापरायचे म्हणून पातळ करू नये. अशा बाळाला झटका येतो, अंग गार पडते, आणि ताप नसल्यामुळे कारण चटकन लक्षात येत नाही.

आता मूळ प्रश्नातल्या माणसाविषयी. दोन आठवडे व्यायामाआधी आणि नंतर वजन लिहून ठेवा, पाणी तहानेपुरते करा आणि एकदा लक्षणे असतानाच सोडियम तपासा; दुसऱ्या दिवशी सकाळपर्यंत ते बहुधा पूर्ववत झालेले असते आणि रिपोर्ट ‘नॉर्मल’ येतो. पाणी कमी केल्यावर संध्याकाळची डोकेदुखी गेली तर उत्तर मिळाले. पण तहानच इतकी लागत असेल की पाच-सहा लिटरशिवाय राहवत नाही, रात्रीही उठून प्यावे लागते, तर पाणी जबरदस्तीने तोडू नका. आधी रक्तातली साखर, कॅल्शियम, क्रिएटिनिन आणि २४ तासांची लघवी मोजून घ्या. लघवी तीन लिटरच्या वर आणि सोडियम १३५ च्या आसपास असेल तर कल सवयीने जास्त पिण्याकडे जातो. लघवी तितकीच आणि सोडियम १४५ कडे झुकलेले असेल तर व्हॅसोप्रेसिन कमी पडत असण्याची, किंवा मूत्रपिंड त्याला दाद देत नसण्याची शंका घ्यावी लागते. त्या आजारात पाणी तोडणे हाच धोका असतो.